विहीणबाईंना तळं दाखवलं तो दिवस

सकाळी सातला विहीणबाईंनी माझ्या स्वयंपाकघरात वाडग्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "अगं रोसाल्बीना, हे दुधात अंडं कुणी पाडलं?"

"पाडलं नाही, घातलंय," मी म्हणाले. "चांगुआ म्हणतात याला. सगळं सोगामोसो गाव सकाळी हेच खातं. पाव बुडवून बघा."

"आणि वर कोथिंबीर! दुधात!" त्यांनी एक चमचा घेतला, डोळे मिटून गिळला आणि वाडगा हलकेच माझ्याकडे सरकवला.

खरं तर वाडग्यापेक्षा मला त्या 'अगं'चाच राग जास्त आला होता. आमच्या डोंगरात कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो करतात. तेहतीस वर्षांच्या संसारात मी आणि एलिएसेर एकमेकांना कधी एकेरीत बोललो नाही, भांडतानाही नाही. आणि या एनिल्दाबाई समुद्रकाठच्या बारांकियाहून आल्या, त्या बसमधून उतरतानाच, "अरे एलिएसेर, बॅग धर ना!" पण करता काय, मुलीची सासू होणार. योलीमाचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. ती आणि जावई दोघंही बोगोताला नोकरीत अडकलेले. योलीमा फोनवर म्हणाली, "आई, त्यांना एक दिवस फिरवून आणा. डोंगर दाखवा, आपलं काय काय खाऊ घाला. खूश होतील."

खूश!

आधी मोंगुईला नेलं. तिथला दगडी पूल बघायला लोक कुठून कुठून येतात. विहीणबाई माझ्या दोन लोकरी रुआना पांघरून गाडीतच बसल्या. पायात पांढऱ्या सँडल, नखं लाल. काच बोटभर खाली करून म्हणाल्या, "दिसला गं पूल. छान आहे. इथे ऊन कधी पडतं?"

"हे काय, पडलंय की."

"हे ऊन?" असं म्हणून त्यांनी काच वर केली.

मग इसा. त्या गावात घरोघरी गोडाची दुकानं. उंच पेल्यात थरावर थर, अंजीर, मलई, ब्लॅकबेरी. मी चार तऱ्हेचे पेले मांडले. बाईंनी प्रत्येकातला एकेक चमचा चाखला आणि रुमालाने ओठ टिपले.

"आवडलं नाही?"

"गोड आहे गं."

"गोडाच्या दुकानात गोडच मिळणार, विहीणबाई."

एलिएसेरनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. उरलेले चारही पेले त्यांनीच संपवले, आणि मग तळ्याच्या घाटात पोट धरून गाडी चालवली.

घाट चढताना बाईंचं डोकं धरलं. वरच्या टपरीवर गुळाचं कढत पाणी मागवलं, आत चीजचा तुकडा टाकलेलं. उंचीवर याच्याइतकं गुणाचं काही नाही. त्यांनी दोन घोट घेतले. चीज पेल्याच्या तळाशी तसंच राहिलं, बघवेना. "आमच्या समुद्रावर कसं," त्या म्हणाल्या, "श्वास आपोआप आत जातो." सकाळपासून 'आमच्या समुद्रावर' हे मी अकरा वेळा ऐकलं होतं.

माझी सगळी भिस्त आता ट्राउटवर होती. तोताच्या तळ्यावर, पांढऱ्या वाळूच्या काठाला, माझ्या ओळखीच्या बाईंचं छोटं हॉटेल आहे. दुपारी एकचं टेबल सांगून ठेवलं होतं. उशीर झाला की मासा संपतो.

आकितानियाच्या अलीकडे, जिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाण्यापर्यंत पातीच्या कांद्याचीच शेतं आहेत, बाई म्हणाल्या, "अरे, थांबव. मला जायचंय." एलिएसेरनी एका शेडपाशी गाडी लावली. आत बायका कांदे सोलत होत्या. बाई आत गेल्या.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. वीस झाली.

"बघा तरी," एलिएसेर म्हणाले. "चक्कर आली असेल."

मी धावत आत गेले. विहीणबाई उलट्या क्रेटवर बसल्या होत्या. रुआना काढून ठेवलेल्या. एका हातात उकडलेला बटाटा, दुसऱ्या हातात तिखट चटणीचा डबा, आणि सगळी शेड त्यांच्याबरोबर खदाखदा हसत होती. मांडीवर सोललेल्या कांद्यांची जुडीसुद्धा होती.

"ये गं! बटाटा खा! या कुस्तोदियाची चटणी म्हणजे आग आहे, आग!"

कुस्तोदिया म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी. ती मला म्हणाली, "बाईसाहेब, तुमच्या विहीणबाईंचा हात काय चालतो हो! आमच्या पोरींपेक्षा भराभर सोलतात."

"आमचं एकचं टेबल आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच चिरका वाटला.

"पाचवा बटाटा संपवू दे," बाई म्हणाल्या. मग उठताना त्यांनी हात पसरले. "पोरींनो, दोन महिन्यांनी, चौदा तारखेला लग्नाला यायचं. सगळ्यांनी! रोसाल्बीना पत्ता देईल."

नऊ बायका. हॉल ऐंशी जणांचा, यादी एक्याऐंशीची. चुलतदिरांचं नाव कसं कापायचं या चिंतेत मला आठवडाभर झोप नव्हती.

तळ्यावर पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. ट्राउट संपला होता. मी वाळूत उभी राहिले आणि तोंडाला लावलेलं कुलूप निघालं.

"माझा चांगुआ एक चमचा. चार पेल्यांचे चार चमचे. मासा तर नाहीच. आणि अनोळखी बायकांच्या डब्यातले पाच बटाटे! आमचं काही आवडतच नाही का तुम्हाला?"

एनिल्दाबाई माझ्याकडे वळल्या. "अगं, एदिल्बेर्तोनं बजावलंय मला." एदिल्बेर्तो म्हणजे आमचे होणारे जावई. "म्हणाला, आई, ती माणसं शांत आहेत. मोठ्यानं हसू नकोस, हावऱ्यासारखं खाऊ नकोस, एकेक घास घे. सकाळपासून उपाशी मरतेय मी."

"आणि मासा? त्यासाठी तरी वेळेवर निघायचं!"

"मासा!" त्या म्हणाल्या. "तीस वर्षं बाजारात बसून मासे कापून विकलेत मी. सुट्टीच्या दिवशी तू मला मासा खायला घालायला निघालीस!"

"जावई म्हणाले, तुमचा बंदरावर व्यवसाय आहे."

"मग? माशांच्या पाटीवर बसायचे ते काय, गंमत म्हणून?"

जावयाचा राग आला, मग योलीमाचा, कारण तिला हे माहीत असणारच. बाईंनी मात्र सँडल काढल्या, "एवढुसा समुद्र!" म्हणत पाण्यात पाय घातला आणि अशी किंकाळी फोडली की काठावरची बदकं उडाली.

परतताना हॉटेलवाल्या बाईंनी दिलेल्या तळलेल्या बटाट्यांची पिशवी त्यांनी एकटीने संपवली. शिष्टाचार आता पार सुटला होता. मग मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून, कुस्तोदियाने दिलेली कांद्याची भलीमोठी मोळी कुशीत घेऊन, त्या गाढ झोपल्या. गाडीत कांद्याशिवाय दुसरा वास उरला नाही.

मी मनात यादी पुन्हा मांडत होते. ऐंशीत नव्वद कसे बसवायचे?

एलिएसेर हळूच म्हणाले, "बाई चांगल्या आहेत हो."

"तुम्ही रस्त्याकडे बघा," मी म्हणाले.