पडजीभ जागेवरच होती

छबुबाईंनी बोटाला मध लावला, तशी दीपमालाने आपल्या चार महिन्यांच्या लेकीला, संस्कृतीला, छातीशी आवळून धरलं. चकलांब्यात लेकराची पडजीभ खाली आली की छबुबाईच ती बोटाने वर उचलत. संस्कृतीचा श्वास पंधरा दिवस घरघरत होता. डॉक्टर सर्दी म्हणत होते. पण ना ताप, ना वाहतं नाक, हे सांगून दीपमाला थकली होती.

"दे की लेकरू. चाळीस वर्सं करते मी हे."

"शिकल्याली हाय ती. तिला आपलं कावून पटंल?" सासूबाई रुक्मिणीबाईंनी टोमणा मारला.

"आजी, आधी मी हिला पाजते. तुम्ही नुसतं ऐका," दीपमाला छबुबाईंना म्हणाली.

चार घोट झाले आणि शीळ घातल्यासारखा आवाज सुरू झाला. बरगड्यांखाली खळगे पडले, ओठ काळसर झाले. दीपमालाने तिला खांद्यावर उभं धरलं. हळूहळू शीळ उतरली.

छबुबाईंनी इवल्याशा तोंडात डोकावून पाहिलं. मग बोटाचा मध पदराला पुसला.

"पडजीभ जागेवरच हाय. हे खाली छातीत हाय, तिथं माझं बोट न्हाई पोचत. रुक्मिणी, जीप बोलाव. अन् पोरीला आडवी करू नका."

बीडला स्कॅन झालं. अन्ननलिकेला चिकटून बोराएवढी पाण्याची गाठ होती, जन्मापासूनची, श्वासनलिका दाबणारी.

"वाढली तर श्वास अडेल. लवकर काढावी लागेल," डॉक्टर म्हणाले.

दीपमालाने ऑपरेशनच्या कागदावर सही केली. रुक्मिणीबाई शेजारी उभ्या होत्या. स्कॅनपुरतं सोडलं तर चकलांब्यापासून त्यांनी नातीला खांद्यावरून खाली घेतलं नव्हतं.