वय वर्षे सहाच्या आत

नलिनीने कासवाच्या पाठीच्या कडेला कानशीने खुणेची खाच पाडली आणि ढालीवरची वलयं मोजली. अकरा. म्हणजे अकरा वर्षांचं, फार तर बारा. कासव पाय झाडत होतं. धोंडिरामने ते दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

“एकशे अठरावं,” ती म्हणाली.

“जुनं खोड आहे, ताई. सोडू?”

मुलुंडच्या डोंगराखालच्या तळ्यावर चौऱ्याऐंशीचा पावसाळा सरल्यापासून चार महिने हेच चाललं होतं. होडीत बसलं की नलिनीला मळमळायचं, म्हणून ती काठावर छत्रीखाली बसायची आणि जाळी धोंडिराम टाकायचा. तक्त्यातला ‘सहा वर्षांच्या आतली’ हा रकाना कोराच राहिला. बारकी कासवं का नाहीत, हे धोंडिरामला विचारावं असं कुणाला सुचलंच नाही. जाळं टाकणाऱ्याला काय विचारायचं?

कोरा रकाना पाहून, तिला या मोजणीवर पाठवणाऱ्या कॉलेजातल्या सरांची कळी खुलली. बिल्डरला तळं बुजवून तिथे इमारती उठवायच्या होत्या आणि परवानगी सरांच्या अहवालापाशी अडली होती. नवी पिढीच नाही, ही वस्ती आपसूक संपणार, मोठी कासवं दुसरीकडे हलवली की झालं, असं सरांनी नलिनीकडून लिहून घेतलं. शुक्रवारी परवानगी मिळाली. जूनपासून सरांच्या कॉलेजात नलिनीची नोकरी पक्की झाली. आईने चाळभर पेढे वाटले.

शनिवारी ती निरोप घ्यायला आली. एकदा तरी तळं आतून पाहू म्हणून नाकाशी लिंबू धरून होडीत बसली. धोंडिरामने जाळं ओढलं. एक मोठं कासव, आणि सोबत रुपयाएवढी, बशीएवढी दहा-बारा बारकी. मोठं त्याने होडीत ठेवलं. बारकी एकेक सोडवून पाण्यात टाकली.

“हे काय करताय, धोंडिरामभाऊ?”

“पिल्लू काठाला न्यायचं नाही, आमच्या बापाचा नेम आहे. ज्याला वाढायचंय त्याला पाण्यातच राहू द्यायचं.”

“रोज एवढी असतात?”

“जास्तच. का, काय चुकलं का?”

रस्त्यापलीकडच्या दुकानात फोन होता. सर या वेळी घरीच असायचे. एका फोनने अहवाल मागे घेता आला असता, आणि त्याबरोबर नोकरीवरही पाणी सोडावं लागलं असतं. नलिनीला स्वतःची शिसारी आली. ती किती वेळ टिकेल, याचाही तिला अंदाज होता.

“नाही,” ती म्हणाली. “बरोबरच केलंत.”

धोंडिरामचा चेहरा उजळला.

“सोमवारी गाळ काढायला ट्रक येणार, असं ऑफिसातले लोक म्हणाले. त्याच्या आत मोठी सगळी धरून देतो तुम्हाला. बारकी राहतील इथंच. गाळ निघाला की त्यांना जागाच जागा, ना ताई?”

“हो,” नलिनी म्हणाली, आणि तिने होडीतलं मोठं कासव मोजायला घेतलं.