मास्तरांचं एकच क्रियापद

मास्तर नाटकांचे पोशाख शिवत आणि भाड्याने देत. दुकानात माप घ्यायची एक रीत होती. मास्तर टेप लावून मोठ्याने आकडा सांगायचे, बाई वहीत लिहायच्या, आणि लिहिणाऱ्याने आकडा परत म्हटल्याशिवाय टेप पुढे सरकायची नाही. छाती अडतीस. अडतीस. बाही तेवीस. तेवीस. चाळीस वर्षांचा संसार ह्याच तालावर झाला होता, भांडणंसुद्धा.

लेक परदेशी नांदत होती. जावई तिकडचा, नात पाच वर्षांची, तिला स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं. दर रविवारी सकाळी लेकीचा फोन यायचा. तो कापडाच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवायचा, नात दिसायची, 'ओला' म्हणजे तिकडचा नमस्कार म्हणायची आणि पळायची. मग मायलेकी बोलत बसत, मास्तर मागे गिऱ्हाइकांची मापं घेत. एकदा त्यांनी नात किती वेळ थांबते ते घड्याळ लावून पाहिलं. चार सेकंद. एवढ्यात बटणही लावून होत नाही, म्हणाले आणि कामाला लागले. पण त्या दिवशी त्यांनी राजाच्या अंगरख्याला दोन डाव्या बाह्या जोडल्या.

बाईंनी उसवायला कात्री पुढे केली आणि लेकीकडून वीस स्पॅनिश क्रियापदांची यादी मागवली. खाणे, झोपणे, धावणे. मास्तरांनी खडूने एकोणीस खोडली. उरलं ते 'दिस्फ्रासार्से': वेश चढवून दुसरंच कुणी होणं.

"हे आपल्या धंद्यातलं आहे," ते म्हणाले. "बाकीचं लोक न बोलता करतात."

मग आठवडाभर बाई 'मे दिस्फ्रासो' म्हणत आणि मास्तर ते परत म्हणत. मी वेश घेतो. मी वेश घेतो. पोशाख न्यायला आलेल्या एका शिक्षिकेने विचारलं, दिस्फ्रासो म्हणजे अस्तर का? बाईंनी हो म्हणून सांगितलं. दुकानात गर्दी होती.

रविवारी मास्तर अस्वल झाले. नातीने 'ओला' म्हटलं आणि ती थांबली. हलणारा दात दाखवला, नवे बूट दाखवले, कसली तरी लांबलचक तक्रार केली. आत मास्तरांच्या पाठीवरून घाम पाटासारखा वाहत होता. वीस मिनिटांनी आपण कोण ते सांगावं म्हणून त्यांनी मुंडकं काढलं. नात 'ओला' म्हणून पळाली. त्यांनी मुंडकं चढवलं. ती परत आली.

"अहो, अस्वलाशीच बोलतेय ती."

"कळतंय मला," अस्वल म्हणालं.

शेवटी नातीने नाक पडद्याला लावून काहीतरी विचारलं. आजोबा कुठे गेले म्हणतेय, लेकीने सांगितलं. ह्याचं उत्तर मास्तरांना येत होतं.

"मे दिस्फ्रासो."

नात मुंडक्याच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिली. फोन बंद झाला.

यापुढे रविवारी अस्वल भाड्याने द्यायचं नाही, एवढंच मास्तरांनी बाईंना बजावलं. पोरीला आजोबा नकोत, अस्वल हवंय, मग अस्वल. त्यांनी त्याच्या मानेला आतून मऊ पट्टी लावली, जन्मभर वापरायचं असल्यासारखी.

पुढच्या रविवारी फोन जरा लवकरच आला. मास्तर गळ्यापर्यंत अस्वल, मुंडकं अजून मांडीवर. पडद्यावर कुणीतरी बुटकं उभं होतं. बापाचा सदरा गुडघ्यापर्यंत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कानावर पेन्सिल, गळ्यात पिवळी फीत.

"मे दिस्फ्रासे दे अबुएलो," ते म्हणालं.

लेक सांगायला लागली. मास्तरांनी केसाळ पंजा वर करून तिला थांबवलं. आजोबा झालेय मी, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"बाबा, ती पळते ना, ती दाराआड जाते," लेक म्हणाली. "तिथून तुमचं काम बघते. फोन संपेपर्यंत हलत नाही."

नातीने एक बाहुली टेबलावर उभी केली, तिच्या छातीला फीत गुंडाळली आणि चष्म्यावरून बघत खणखणीत आवाजात आठाचा आकडा सांगितला, "ओचो."

आणि ती थांबली. फीत पुढे सरकेना.

बाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"ओचो," मास्तर म्हणाले.

फीत बाहीवर गेली. बाईंनी वहीचं नवं पान काढलं. जगातल्या कुठल्याच बाहुलीला बसली नसती अशी ती मापं होती. मास्तरांनी एकही दुरुस्त केलं नाही. कंबरेचं माप येईपर्यंत अस्वलाचं मुंडकं मांडीवरून घरंगळून टेबलाखाली गेलं होतं.