तिसरा रकाना

एल्डन पेल्कीने वक्त्यांच्या यादीत ‘विरोधात’ या रकान्यात नाव लिहिलं आणि पेन शेजारच्या म्हाताऱ्या सापळेवाल्या बर्नलकडे दिलं. राज्याच्या राजधानीतल्या, ऑगस्टाच्या, विधानभवनातला त्याचा हा एकोणिसावा हिवाळा. शिकारी, मासेमार, सापळेवाले, नेमबाज, सगळ्यांच्या संघटनेच्या वतीने भांडायचं ते त्यानेच. आज फरसाठी जनावरं धरायच्या सापळ्यांवर बंदी घालणाऱ्या विधेयकावर सुनावणी होती.

“तीन मिनिटांत लोळव त्याला,” बर्नल कुजबुजला. “तुला काय, सगळं तोंडपाठ!”

तोंडपाठ तर होतंच. पण डिसेंबरात तळ्यावरचा बर्फ फुटून त्याचा मुलगा कोल गेला. जमीन दगडासारखी गोठलेली, म्हणून दफन वसंतात. तोवर शवपेटी कबरस्तानातल्या दगडी खोलीत. कुणी विचारलं की एल्डन म्हणे, ‘बरा आहे.’ खरं तर त्याला काहीच वाटत नव्हतं. दात काढताना गाल बधिर होतो, तसा तो सगळाच झाला होता.

आधी विधेयकाच्या बाजूचे बोलले. शेवटी लोर्ना हॅस्केल नावाची शाळामास्तरीण उभी राहिली.

“जानेवारीत माझा कुत्रा सापळ्यात मान अडकून मेला. हंगाम संपून तीन आठवडे झाले होते. सापळ्यांवर पूर्वी मालकाचं नाव असायचं. आता नुसता आकडा. चार, एक, दोन, सात. कुणाचा ते सांगायला कायद्याने मनाई आहे म्हणे. मला कुणाला शिक्षा नको. तो माणूस सापळा उचलायला का आला नाही, एवढंच कळू दे.”

कुठला आकडा कुणाचा हे ठाऊक असलेला वनरक्षक मागे भिंतीशी उभा होता; तो आपल्या बुटांकडे बघू लागला.

नावाऐवजी आकडा, हे एल्डननेच दोन वर्षांपूर्वी भांडून मंजूर करून घेतलं होतं. आणि तो आकडा कोलचा होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पोराने तो सापळ्यांना बांधायच्या पत्र्याच्या पट्ट्यांवर ठोकला होता. सात वाकडा आला म्हणून बापाने त्याची यथेच्छ टर उडवली होती.

“विरोधात कोण?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

बर्नलने कोपर मारलं. “अरे ऊठ की! डोळा लागला का काय?”

एल्डन हलला नाही. शेवटी बर्नलच उठला, काहीबाही पुटपुटला आणि लालबुंद होऊन परत आला.

“लाज घालवलीस, बाबा.”

“ना बाजूने, ना विरोधात, असं कुणी?” अध्यक्षबाईंनी पुढचा रकाना पुकारला.

हा तिसरा रकाना बहुधा रिकामाच असतो; या वेळेला लोक निघायला कोट शोधू लागतात. एल्डन उठला.

“एल्डन पेल्की.”

“संघटनेच्या वतीने ना?” कारकुनाने सवयीने विचारलं.

“नाही.” तो लोर्नाकडे वळला.

“समितीकडे बघून बोला, पेल्की,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

तो वळला नाही. “चार हजार एकशे सत्तावीस माझ्या मुलाचा आकडा, बाई. तो आला नाही, कारण हंगाम संपायच्या आधीच तो गेला. सापळे कुठे लावलेत ते मला ठाऊक होतं. जायला मी हवं होतं. रोज बूट चढवायचो आणि दारातच बसून राहायचो.”

बर्नलने टोपी काढून मांडीवर ठेवली. वेळ संपल्याचा लाल दिवा लागला, पण एल्डनला कुणी थांबवलं नाही.

“कुत्र्याचं नाव काय होतं?” एल्डनने विचारलं.

“मोझेस,” ती म्हणाली.

त्याने ते नाव हळूच म्हणून पाहिलं, आणि तेव्हा कुठे, डिसेंबरनंतर पहिल्यांदाच, मुलाचंही: “कोल.”