एका दिवसाचा ताबा

मिल बंद पडली तेव्हा पंचशीलला मशिनींशिवाय दुसरं काही येत नव्हतं. म्हणून आम्ही नवरा-बायकोनं सुदामा नगरात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. आठ बाय दहा, भाड्याचं. मालक अप्पासाहेब मागच्याच घरात राहायचे. त्यांचे आजोबा होळकरांच्या दप्तरात होते. नातवाकडे दप्तर उरलं नव्हतं, पण कागदाचा सोस तसाच होता.

करारनामा अकरा महिन्यांचा. बारा झाले की रजिस्ट्री लागते, आणि रजिस्ट्री झाली की भाडेकरू जन्मात हलत नाही, ही अप्पासाहेबांची पक्की समजूत. त्यांच्या चुलत्यांनी राजवाड्याजवळचं दुकान एका घड्याळवाल्याला दिलं होतं. चुलते वारले, घड्याळवाला अजून बसलाय.

"म्हणून अकरा महिने संपले की एक दिवस दुकान पूर्ण खाली करायचं. कुलूप माझं. दुसऱ्या दिवशी नवा कागद, चावी परत. रिवाज आहे, सूनबाई," ते म्हणाले.

चावी परत आलीच नाही तर? या विचारानं मला जेवण जाईना. मी बी.कॉम., पण भाडेकायदा मी ऑप्शनला टाकला होता. लायब्ररीतून पुस्तक आणलं. मांडीवर दीड वर्षाची नंदिनी. मी एक पान वाचायची, ती एक चावायची. दुकान खाली करवण्याचं अख्खं प्रकरण तिच्या पोटात गेलं.

अकरा महिने संपले. आता सतरा मशिनी ठेवायच्या कुठे? आमची खोली अन्नपूर्णेच्या देवळामागे, दुसऱ्या मजल्यावर. अप्पासाहेबच म्हणाले, "आमच्या बैठकीत ठेवा. एका दिवसाचा तर सवाल आहे." आणि दुकान खाली झाल्याचा पुरावा हवा म्हणून त्यांनी स्वतःच मोत्यासारख्या अक्षरात दोन प्रतींत लिहिलं: 'यांनी दुकान पूर्ण खाली केले असून यांचे सर्व सामान माझ्या राहत्या घराच्या बैठकीत, माझ्या राजीखुशीने ठेवले आहे.' खाली सही. साक्षीदार म्हणून काकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नी सखुबाईंची सही. एक प्रत माझ्याकडे.

दुपारी पाहते तर आमच्या रिकाम्या दुकानात एक माणूस टेप लावतोय.

"क्या नाप रिये हो, भिया?"

"एसटीडी का बूथ लगेगा ना, मैडम. परसों से."

मी तशीच जाऊन नवऱ्याला सांगितलं. पंचशील म्हणाला, "मी अप्पासाहेबांना हात जोडतो."

"जोडू नका," मी म्हटलं. "उद्या फक्त तेलाची कुप्पी घेऊन चला."

सकाळी दुकानाच्या शटरवर मी खडूनं लिहिलं: 'दुरुस्ती चालू. मागच्या घरात या.' गिऱ्हाईकं आली. नऊ वाजता अप्पासाहेब अंघोळ करून बाहेर आले, तर त्यांच्या आरामखुर्चीत एक टेलरमास्तर बसलेला.

"हे काय चाललंय?"

"काम, काका. चावी दिलीत की उचलतो."

"चावी... बघू की. दोन-चार दिवस जाऊ द्या."

"चालेल. आम्हाला कुठे घाई आहे?"

"म्हणजे?"

मी त्यांचाच कागद पुढे केला. "दुकानाच्या कागदावर तुम्ही अकरा महिने लिहिले होते. बैठकीच्या कागदावर किती, ते लिहायचं राहिलं बघा."

अप्पासाहेबांनी चष्मा लावला. कागद वाचला. उलटून मागची कोरी बाजूही वाचली. त्यांच्या डोळ्यांपुढे घड्याळवाला उभा राहिलेला मला दिसला.

"अहो, पण हे भाडं नाही! नुसती परवानगी आहे!"

"मग कोर्ट ठरवेल ना, काका."

कोर्टानं पाच मिनिटांत आम्हाला बाहेर काढलं असतं. परवानगीचं प्रकरण नंदिनीच्या दातांतून वाचलं होतं, मी ते तीनदा वाचलं होतं. मी मान खाली घालून एका मशिनीत तेल घालत बसले. ते सगळं बाहेर सांडलं.

"तिचं काय चुकलं?" आतून काकू म्हणाल्या. "मी साक्षीदार आहे. आठ वर्षं माझी मशीन बंद होती, तुम्ही नुसतं 'करवून घेऊ' म्हणत होता. त्या पोरानं सकाळी चहाच्या आत चालू केली."

तेवढ्यात अप्पासाहेब किंचाळले, "ही पोरगी माझ्या दिवाणावर झोपली!"

"ताबा घेतलाय तिनं," काकू म्हणाल्या.

अप्पासाहेबांनी कमरेच्या करगोट्याला बांधलेली चावी सोडली. "घ्या! त्या टेपवाल्याला मी नाही म्हणून सांगतो. पण आत्ताच्या आत्ता उचला. एक नग राहता कामा नये!"

"आधी नवा करारनामा, काका. आजच्या तारखेचा."

त्यांनी लिहिला. अकरा महिने. मी दोनदा वाचला, मग सही केली, मग पंचशीलनं पहिली मशीन उचलली. शेवटची तर अप्पासाहेबांनी स्वतः दुकानापर्यंत आणली, सत्तराव्या वर्षी, धापा टाकत.

नंदिनीला उचलायला मी परत बैठकीत गेले. अप्पासाहेब कोपरान् कोपरा तपासत होते. खिडकीपाशी एक मशीन चालू होती.

"ही राहिली! ही कोणाची?"

"माझी," उशीच्या अभ्र्याला टीप घालत काकू म्हणाल्या.

अप्पासाहेबांनी क्षणभर विचार केला आणि दौत पुढे सरकवली.

"तसं लिहून दे."