ठकूच्या पुटकुळ्या

छप्पन सालची गोष्ट, पण अजून आठवली की माझं डोकं फिरतं.

मी तेव्हा वेल्ह्याच्या दवाखान्यात नर्स होते. एका बाजाराच्या दिवशी धनगरवाड्यावरची चंद्राबाई आपल्या लेकीला, ठकूला, घेऊन आली. पोर सतरा वर्षांची. दोन्ही गाल सोलवटलेले, कपाळाला भेगा, भेगांतून पाणी. मला वाटलं, भाजली. भाजली कसली! आईनं धुण्याच्या सोड्यानं रोज दोनदा तिचं तोंड घासलं होतं. कारण काय, तर गालावर पुटकुळ्या आल्या होत्या आणि पाहुणे बघायला यायला आठ दिवस उरले होते. विंझरच्या त्या पाहुण्यांनी पुटकुळ्यांचं कानावर येताच निरोप धाडला होता, की मन थाऱ्यावर नसलेल्या पोरींनाच असलं होतं, जरा चौकशी करा. आणि या माउलीनं खरंच चौकशी केली. ठकू कुणाशी बोलते, कुणाकडे बघते.

मी चंद्राबाईला चांगलंच झापलं. कातडीत केसाच्या मुळाशी तेलाची बारीक पिशवी असते. त्या तेलानं कातडी मऊ राहते, फुटत नाही. या वयात तेल जास्त सुटतं, बारीक भोकांची तोंडं बुजतात, आत तेल साचतं आणि पुटकुळी येते. यात पोरीची चालचलणूक आली कुठून? सोड्यानं वरचं तेल गेलं आणि कातडी उघडी पडली, एवढंच झालं. चंद्राबाईनं सगळं ऐकून घेतलं, पण तिला पटलेलं दिसत नव्हतं.

दाराशी तिचे मालक हरिबा उभे होते. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस. मी त्यांनाच विचारलं, मेंढरं धुतली की लगेच कातरता का?

"न्हाई," ते म्हणाले. "आठ-धा दिस थांबतो. अंगाचा तेलकट चिकटा परत लोकरीत येऊ द्यावा लागतो. त्याबिगर कातर चालत न्हाई, अन् पावसात घावलं तर मेंढरू गारठतं."

बोलता बोलता ते लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले. मग बायकोला म्हणाले, सोडा आजपासून बंद. मेंढराला मिळते तेवढी सवड पोटच्या पोरीला मिळू नये, याचा मला भयंकर संताप आला होता. मी भेगांना मलम दिलं.

बघायच्या दिवशी हरिबांनी मला मुद्दाम बोलावलं. भेगा भरत आल्या होत्या, पुटकुळ्या होत्याच. मुलाचे चुलते रखमाजी घोंगडीवर ऐसपैस बसले होते, शेजारी मुलगा. ठकू समोर आली तशी त्यांनी तिला मान वर करायला लावली, मग तोंड उजेडाकडे वळवायला लावलं. बाजारात शेळी पारखतात, तसं चाललं होतं. सगळं बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, हे कशानं झालं?

माझं लक्ष मुलाकडे गेलं. कपाळ, गाल, मान, सगळीकडे नुसत्या पुटकुळ्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, यांच्या तोंडाची चौकशी कुणी केली का?

रखमाजी हसले. "त्याचं काय, बाई. वयच हाय त्याचं."

ठकूनं सरळ त्यांच्याकडे बघितलं.

"माजं बी त्येच वय हाय," ती म्हणाली.

मुलानं मान खाली घातली. हरिबा उठले, रखमाजींच्या पुढ्यातलं पानसुपारीचं ताट त्यांनी उचललं आणि पाहुण्यांच्या वहाणा कुठं आहेत ते दाखवायला स्वतः दारापर्यंत गेले.