माझी डावी गादी

मी दोनच माणसांची उघडी मोटार बोलतेय. विलायतेत माझा जन्म झाला तो धावण्यासाठी. माझ्या काट्यावर ताशी सत्तर मैलांचा आकडा आहे. पण पहिलं दीड वर्ष तो काटा बाराच्या पुढे गेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

सन १९३६ च्या दसऱ्याला मी खामगाव स्टेशनावर उतरले. माझे मालक पिंपळगाव राजाचे महादेवराव. त्यांना वेगाची हौस मुळीच नव्हती. होती ती ग्रामोफोनची. खामगावात त्यांच्यासारखे चार-पाच शौकीन होते. त्यांतल्या भगवंतरावांनी लाल मोटार घेतली आणि तेव्हापासून मोठ्या कर्ण्याचा ग्रामोफोन असणाऱ्याकडे अशी मोटार हवीच, असं ठरून गेलं. दर रविवारी आम्ही भगवंतरावांच्या अंगणात ओळीनं उभ्या. आत सुई, चावीची कमान, कर्णा यांवर तासन्‌तास बोलणं. आमच्याविषयी एकच प्रश्न : "आवाज लय करते काय हो?"

करत होते. आमच्या घराण्याचा तो स्वभावच.

माझ्या डाव्या गादीवर ग्रामोफोन बसे. खाली दोन उशा, वर शाल. तबकड्या तडकू नयेत म्हणून आम्ही इतके हळू जायचो, की सायकलवाले थांबून विचारपूस करत. मालकीणबाई, म्हणजे रुक्मिणीबाई, दारातून म्हणायच्या, "बाजाले शाल अन् मले धूळ. मी कवा बसू?"

"बसशील ना वं. भाचीच्या लग्नाले तुलेच नेतो. शब्द हाय माहा."

त्या शब्दावर त्यांनी माहेरी, धामणगाव बढ्याला, सगळ्यांना सांगून ठेवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मालकांनी डावीकडे पुन्हा उशा रचल्या.

"अवो, हे काय?"

"पाव्हणे गाण्याची वाट पाहून राह्यले. बैलगाडीत हादरे बसतात त्याले."

"अन् मले नाही बसत?"

"तुह्यात कमान नाही ना!"

रुक्मिणीबाई घरच्या गड्याच्या, पुंजाजीच्या बैलगाडीत बसून पुढे गेल्या.

मालकांना आणखी एक सुचलं. कर्ण्याचा आवाज मऊ करायला ते त्यात कापसाचा बोळा घालत. तोच इलाज त्यांनी माझ्यावर केला. धुराच्या नळीत काठीनं कापूस ठासला. बैलगाडीला मागे टाकून आम्ही मैलभर गेलो असू. तोवर कापूस काजळीनं दाटला, मला दोन उचक्या लागल्या आणि मी थांबले. मालकांनी इंजिनाला कान लावला. मग हँडल अगदी हलक्या हातानं फिरवलं, जणू माझी कमान तुटेल.

मागून बैलगाडी आली.

"मालक, बैल जुंपू काय मोटारले?" पुंजाजीनं विचारलं.

रुक्मिणीबाई उतरल्या. माझ्याभोवती एक फेरी घालून मागे वाकल्या.

"हा तं माह्या रजईचा कापूस! दोन दिवस झाले शोधून राह्यली मी!"

"तिचा आवाज जरा कमी…"

"आवाज कमी कराले कोणाच्याबी तोंडात बोळा कोंबता काय तुम्ही?"

मालक नळीपाशी वाकले.

"काढते मी. पहिले बाजा उतरवा."

मालकांनी ग्रामोफोनकडे पाहिलं, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. अखेर स्वतःच तो उचलून बैलगाडीतल्या कडब्यावर ठेवला.

"हळू हाक बे, पुंजाजी."

"तुम्ही मोटार हाकता तशीच हाकतो, मालक."

कापूस निघाला आणि मी पोटभर ओरडले. रुक्मिणीबाई डाव्या गादीवर बसल्या, पदर खोचला. "घ्या आता जोरात. मी काही तडकत नाही."

काटा पन्नासावर गेला. मालकांनी डोळे मिटले होते की काय कोण जाणे, पण त्या हसत होत्या. माझा आवाज ऐकून अख्खा मांडव रस्त्यावर आला. ग्रामोफोन रात्र पडायच्या आत पोचला. एकही तबकडी तडकली नव्हती.

आता लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही. मी गोठ्यात उभी आहे. तिसऱ्या प्रहरी मालक ग्रामोफोन माझ्या नाकाडावर ठेवतात आणि उजवीकडे बसतात. डावीकडे रुक्मिणीबाई. कर्ण्यात बोळा नसतो.

पेट्रोल मिळू लागलं की मला एकदा रस्त्यावर काढा. मालकीणबाईंना बोलवायला जाऊ नका. त्या आधीच बसलेल्या असतील.